कोल्हापूर उत्तर: उजव्या विचारांचा अपक्ष उभा करायचा झाला तर कागदापासून बूथपर्यंत काय लागतं?

गंगावेस

मुद्द्याचंच विचारतो. पेठेतली काही मंडळी २०२९ च्या विधानसभेला कोल्हापूर उत्तरमधून (क्र. २७६) उमेदवार द्यायच्या विचारात आहेत. माणूस उजव्या विचारांचा, परंपरा मानणारा. मंदिरं, गडकोट, गोरक्षण, कुटुंबसंस्था, आणि त्याच्या जोडीला घरफाळा आणि महापालिकेचा उधळा कारभार, असे त्याचे विषय. तिकिटाची खात्री नाही, त्यामुळे अपक्ष धरूनच तयारी. भाषण कसं ठोकावं हे नको. अर्ज, हिशेब, प्रचारातल्या कायद्याच्या रेघा आणि मतमोजणी यांत उमेदवार कुठं आपटतो ते लिहा. कोण निवडून यावं यावर भांडायला दुसरे धागे आहेत.

ॲड_करवीर

पहिला खड्डा सूचकांचा, म्हणजे अर्जावर उमेदवाराचं नाव सुचवून सही करणाऱ्या मतदारांचा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो. अपक्षाला दहा लागतात, आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. आपल्याकडं गफलत इथंच होते, कारण 'कोल्हापूर शहर' म्हणजे 'कोल्हापूर उत्तर' नव्हे. शहरातले काही प्रभाग दक्षिणेत (२७४) जातात. वजनदार माणूस म्हणून सही घेतली आणि नाव दक्षिणेच्या यादीत निघालं, की सूचक उरले नऊ आणि अर्ज छाननीत बाद. भाग क्रमांक किंवा अनुक्रमांक लिहिताना आकडा चुकला तर ती लेखनातली चूक म्हणून दुरुस्त करून घेता येते. माणूसच यादीत नसेल तर इलाज नाही.

एका उमेदवाराला एका मतदारसंघात चार अर्ज भरता येतात. चारही भरा आणि चारही अर्जांवर सूचकांचा संच वेगळा ठेवा, म्हणजे ४० सह्या. अनामत एकदाच: सर्वसाधारण उमेदवाराला १०,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. कुणी सूचक अंगठा देणार असेल तर तो घरून उमटवून आणलेला चालत नाही, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा आयोगानं ठरवलेल्या अधिकाऱ्यासमोरच उठवावा लागतो.

आणि एक गोष्ट जी हमखास विसरतात. चिन्हांची पसंती (मान्यताप्राप्त पक्षांसाठी राखून न ठेवलेली तीन मुक्त चिन्हं, क्रमानं) तुम्ही सर्वांत आधी दाखल केलेल्या अर्जात जी लिहिली तीच धरतात. तो अर्ज पुढं बाद झाला तरी तीच. दुसऱ्या अर्जात सुधारू म्हणून पहिल्यात काहीतरी भरून टाकू नका.

शाहूपुरीची

नमुना २६, म्हणजे शपथपत्र. 'लपवलं म्हणून' अर्ज उडण्यापेक्षा रकाना मोकळा सोडला म्हणून उडण्याचा धोका मोठा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर मोकळ्या रकान्याला माफी नाही. निर्णय अधिकारी नोटीस देतो, छाननीआधी दुरुस्त शपथपत्र दिलं नाही तर अर्ज फेटाळतो. म्हणून जिथं काही नाही तिथं 'निरंक' किंवा 'लागू नाही' असं लिहायचं. रेघ मारायची नाही.

त्यात काय काय लागतं: स्वतःचं, जोडीदाराचं, अवलंबून असलेल्यांचं आणि अविभक्त हिंदू कुटुंबाचं पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, पॅन, उत्पन्नाचं साधन, स्थावर-जंगम, कर्जं, सरकारी देणी, शिक्षण, समाजमाध्यमांवरची खाती. पेठेतल्या जुन्या वाड्यात चुलत्यांचा सामायिक हिस्सा असतो. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली की नाव सापडतं, तोंडी विचारलं तर सापडत नाही. आधी उतारे काढा. सरकारी निवासस्थान गेल्या दहा वर्षांत वापरलं असेल तर भाडं, वीज, पाणी, फोन या चारही बाबतींत थकबाकी नसल्याचे दाखले जोडायचे.

उमेदवार ठेकेदार असेल तर लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९अ वाचा. राज्य सरकारशी मालपुरवठ्याचा किंवा कामाचा चालू करार असेल तर अपात्रता. काम पूर्ण झालंय, फक्त बिल अडकलंय, तर करार चालू धरत नाहीत. महापालिकेचा ठेका या कलमात येत नाही.

मिसळ_तर्री

शपथ राहिली. विसरणाऱ्यांची परंपरा थोर आहे.

ॲड_करवीर

बरोबर. अर्ज दाखल केल्यावर, पण छाननीचा दिवस उजाडायच्या आत, उमेदवारानं राज्यघटनेच्या तिसऱ्या परिशिष्टातली शपथ निर्णय अधिकाऱ्यासमोर घ्यायची आणि तिचं प्रमाणपत्र हातात घ्यायचं. छाननीच्या दिवशी सकाळी घेतो म्हटलं तर वेळ गेलेली असते. सोपा उपाय म्हणजे अर्ज दिला की त्याच टेबलावर शपथ उरकायची.

दिवसांचं गणितही बघून ठेवा. २०२४ ला अधिसूचना २२ ऑक्टोबर, अर्जाची मुदत २९, छाननी ३०, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २०, मोजणी २३. अर्ज सकाळी ११ ते दुपारी ३. शंभर मीटरच्या आत गाड्या तीन आणि उमेदवारासोबत आत चार माणसं. हलगी-घुमक्याची मिरवणूक बाहेर कितीही लांब असू दे, तीनला काटा गेला की दार बंद. शेवटच्या दिवशी शक्तिप्रदर्शन करायचं असेल तर अर्जाचा एक संच पहिल्याच दिवशी गुपचूप देऊन ठेवावा, दुसरा वाजतगाजत न्यावा.

तालीमवाला

कायद्याचं झालं, आता पेठेचं बघा की. कोल्हापुरात 'उजवा' म्हंजे पुण्यामुंबईतला उजवा न्हवं. इथला माणूस अंबाबाईला जातोय, जोतिबाला गुलाल उधळतोय, आणि शाहू महाराजांचं नाव घेतल्याबिगर भाषणबी सुरू करत न्हाई. १९०२ सालात ५० टक्के राखीव जागा दिल्या त्या ह्या गावानं. २०१७ ला देवीच्या घागरा-चोलीच्या पोशाखावरनं पुजारी हटाव पेटलं, तवा रस्त्यावर उतरलेली माणसं काय नास्तिक न्हवती, भक्तच हुती. २०१८ ला विधिमंडळात कायदा झाला. तवा परंपरा म्हंजे कुनाची परंपरा, ह्याचं उत्तर उमेदवाराच्या खिशात पायजे. पहिल्याच कोपरा सभेत विचारत्यात.

दुसरं, उत्तरेत पेठा आनि तालमी. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार, उत्तरेश्वर, वर कसबा बावडा. एका तालमीनं पाठिंबा दिला की बाजूची लगोलग दुसरीकडं जाती, फुटबॉलसारखं. म्हनून जाहीर पाठिंब्याची पत्रं गोळा करत बसू नका. तालमीतली घरं मोजा.

रंकाळ्याकाठी

वरच्याला +१. फक्त आकडेवारीकडंही बघा म्हणजे 'पुरोगामी कोल्हापूर' आणि 'बदललेलं कोल्हापूर' ही दोन्ही लेबलं किती पातळ आहेत ते कळेल. उत्तरमध्ये २००९ आणि २०१४ ला शिवसेनेचे राजेश क्षीरसागर. २०१९ ला काँग्रेसचे चंद्रकांत जाधव. त्यांच्या निधनानंतर १२ एप्रिल २०२२ च्या पोटनिवडणुकीत जयश्री जाधव यांनी भाजपच्या सत्यजित कदमांना हरवलं. त्या वेळी प्रचारात हिंदुत्व कमी नव्हतं. २०१९ ला जिल्ह्यात भाजपला एकही जागा नव्हती. मे-जून २०२४ च्या लोकसभेला शाहू छत्रपती काँग्रेसकडून निवडून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात जिल्ह्यातल्या दहाही जागा महायुती आणि तिच्याशी जुळलेल्यांकडं गेल्या. सहा महिन्यांत विचारधारा बदलत नसते. गट हलतात, बूथ हलतात.

अपक्षाची अडचण वेगळीच. उजवं मत आधीच महायुतीकडं बांधलेलं आहे. मत फोडायला आलाय हा शिक्का पहिल्या दिवसापासून बसणार.

गंगावेस

शिक्क्याचं बघून घेऊ. माघारीच्या दिवसाबद्दल कुणी लिहा. २०२४ ला उत्तरमध्ये जे झालं ते सगळ्यांनी बघितलंय.

ॲड_करवीर

४ नोव्हेंबर २०२४. काँग्रेसनं आधी राजेश लाटकरांचं नाव जाहीर केलं, मग बदलून मधुरिमाराजे छत्रपतींना दिलं. लाटकर अपक्ष म्हणून राहिले. माघारीच्या शेवटच्या काही मिनिटांत मधुरिमाराजेंनी अर्ज काढला आणि उत्तरच्या मतदान यंत्रावर हाताचं चिन्हच उरलं नाही. शेवटी पक्षाला अपक्षालाच पाठिंबा द्यावा लागला.

यातलं कायदेशीर सूत्र असं: माघारीची नोटीस एकदा दिली की परत घेता येत नाही. ती उमेदवार स्वतः देऊ शकतो, किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रानं सूचक किंवा निवडणूक प्रतिनिधी. म्हणून सूचकाला किंवा प्रतिनिधीला कोऱ्या कागदावर सही करून देऊ नका. ४० सूचक आहेत तुमचे.

ए आणि बी फॉर्म (हाच आपला अधिकृत उमेदवार असं पक्षानं कळवायचे कागद) पक्षाच्या उमेदवारासाठी. ऐनवेळी तुमच्या माणसाला तिकीट मिळालंच तर ते दोन्ही अर्जाच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ च्या आत निर्णय अधिकाऱ्याकडं पोचले पाहिजेत, अधिकृत पदाधिकाऱ्याच्या शाईच्या सहीनं. छायाप्रत किंवा सहीचा रबरी शिक्का चालत नाही. फॉर्म वेळेत आला नाही आणि अर्जावर दहा सूचक असतील, तर उमेदवार अपक्ष म्हणून तरी टिकतो. एकाच सूचकावर भरलेला अर्ज मात्र गेला. चारपैकी किमान दोन अर्ज दहा सूचकांचे ठेवा असं म्हणतात ते याचसाठी.

बूथ_नंबर_११

चिन्ह अपक्षाला माघार संपल्यावर मिळतं. म्हणजे २०२४ च्या हिशेबानं ४ नोव्हेंबर दुपारनंतर ते १८ नोव्हेंबर संध्याकाळी ६, चौदा दिवस. यंत्रावर क्रम असा लागतो: आधी मान्यताप्राप्त पक्ष, मग नोंदणीकृत, मग अपक्ष, प्रत्येक गटात मराठी वर्णानुक्रमे. एका बॅलट युनिटवर १६ बटणं, शेवटचं 'नोटा'. उमेदवार १५ च्या वर गेले की दुसरं युनिट लागतं, आणि अपक्ष तिथं जाऊन पडतो. 'दुसऱ्या मशीनवर तिसरं बटण' हे घरोघरी सांगावं लागतं. यासाठी साधं डमी बॅलट छापा, त्यात बाकीच्या उमेदवारांची खरी नावं-चिन्हं घालू नका.

छपाईचं काम दोन टप्प्यांत द्या. नाव-फोटोचा मजकूर आधी सेट करून ठेवायचा, चिन्हाची जागा मोकळी. चिन्ह मिळालं की त्याच रात्री मशीनवर.

हिशेबनीस

छपाई निघालीच आहे तर त्याच लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२७अ. प्रत्येक पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता. प्रकाशकाचं जाहीरपत्र दोन प्रतींत, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्यांनी. ते घेतल्याशिवाय छापखान्यानं काम घ्यायचं नाही, आणि छापल्यावर जाहीरपत्र व पत्रकाची प्रत जिल्हा दंडाधिकाऱ्याकडं पाठवायची. नाव नसलेलं पत्रक तुमच्या विरोधकानं छापलं तरी संशय तुमच्यावर येतो, म्हणून आपल्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक द्या.

खर्चमर्यादा आता २८ लाख ना? त्यात बसेल का बघा.

शाहूपुरीची

२८ जुनी. जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात विधानसभेला ४० लाख.

हिशेबनीस

मान्य, ४० लाख. बाकीचं बरोबर लिहितो.

खर्च अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत मोजतात, दोन्ही दिवस धरून. पण आधी घेतलेले झेंडे-फेटे नंतर वापरले तर ते यात येतात. त्यासाठी स्वतंत्र बँक खातं, अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं. अर्ज देतानाच खाते क्रमांक निर्णय अधिकाऱ्याला लेखी कळवावा लागतो, त्यामुळे 'उद्या उघडू' चालत नाही. अख्ख्या निवडणुकीत एका माणसाला किंवा दुकानाला मिळून रोख १०,००० रुपयांच्या वर देता येत नाही, आणि देणगीही रोखीनं त्यावर घेता येत नाही. मंडपवाल्याला रोज चार हजार दिले तर तिसऱ्या दिवशी तुम्ही रेघ ओलांडलीत. धनादेश किंवा ऑनलाइन द्या.

नोंदवही तीन भागांत: पांढरा भाग रोजच्या खर्चाचा, गुलाबी रोखीचा, पिवळा बँकेचा. प्रचारकाळात किमान तीन वेळा ती खर्च निरीक्षकापुढं न्यायची. न नेल्यास नोटीस, आणि तरीही नाही नेली तर गाड्यांची परवानगी काढून घेतात. तिकडं प्रशासनाकडं तुमच्या नावानं एक समांतर नोंदवही चालू असते, तिच्यात चहा, वडापाव, मिसळ, खुर्ची, स्पीकर, जीप यांचे दर जिल्ह्याच्या दरपत्रकानुसार लागतात. तुम्ही खुर्ची मित्राकडून फुकट आणली तरी दर लागतो. सभेचं चित्रीकरण होतं, खुर्च्या त्यावरून मोजतात. म्हणून आपणही आपल्या सभेचं चित्रीकरण करून ठेवायचं. ५०० खुर्च्या मांडल्या आणि त्यांनी ८०० धरल्या तर दाखवायला काहीतरी लागतं.

तालमीला मॅट, मंडळाला ढोल, महिला मंडळाला भांडी: याला खर्च म्हणत नाहीत, लाच म्हणतात. ४० लाखांत बसवायचा प्रश्नच येत नाही.

मोठा फरक स्टार प्रचारकांचा. पक्षाच्या यादीतल्या नेत्याचा प्रवास उमेदवाराच्या खात्यावर चढत नाही. अपक्षाला ही सोय नाही. बाहेरून कुणी वक्ता आणलात तर गाडी, मुक्काम, जेवण सगळं तुमच्या नावावर.

निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं, पडला तरी. त्याआधी २६ व्या दिवशी ताळमेळाची बैठक असते, तिला जाच. हिशेब दिलाच नाही तर आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो. पडलेले उमेदवार इथंच सुस्तावतात.

ॲड_करवीर

आता या उमेदवाराला खास लागू असलेला भाग. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३(३): धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषेच्या आधारावर मत द्या किंवा देऊ नका असं आवाहन उमेदवारानं, त्याच्या प्रतिनिधीनं किंवा त्यांच्या संमतीनं दुसऱ्या कुणी केलं तर तो भ्रष्ट आचार. निवडून आला तरी जागा जाते.

महाराष्ट्रातलंच उदाहरण. १९८७ ची विलेपार्ले पोटनिवडणूक, डॉ. रमेश प्रभू विजयी. उच्च न्यायालयानं १९८९ ला निवडणूक रद्द केली, सर्वोच्च न्यायालयानं ११ डिसेंबर १९९५ ला ते कायम केलं. भाषणं बाळासाहेब ठाकऱ्यांची होती. पुढं त्यांचाही मताधिकार सहा वर्षं गेला. त्याच दिवशी मनोहर जोशींच्या खटल्यात मात्र, महाराष्ट्रात पहिलं हिंदू राज्य येईल हे वाक्य आशा व्यक्त करणारं आहे, त्या आधारावर मत मागणारं नाही, असं म्हणून जोशी सुटले. ज्यांना यातून 'हिंदुत्व म्हटलं की चालतं' असा अर्थ काढायचा असतो त्यांनी २ जानेवारी २०१७ चा निकाल वाचावा. सात न्यायमूर्ती, चार विरुद्ध तीन: उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचाही धर्म काढून मत मागता येणार नाही.

व्यवहारात रेघ अशी ओढा. गडावरची अतिक्रमणं काढा, मंदिराच्या जमिनींचा हिशेब द्या, गोवंश कायद्याची अंमलबजावणी करा: ही धोरणं, बोला. 'आपल्या धर्माचा म्हणून याला' किंवा 'अमक्यांना मत म्हणजे धर्मद्रोह': संपलं. दर्शनाला जा, नारळ फोडा. देवळाच्या आवारात माइक, पत्रकं, चिन्ह काही नको. धार्मिक स्थळांच्या गैरवापराचा १९८८ चा कायदाही आहे. आणि वक्त्यांना हे लेखी द्या, पोच घ्या. संमती नव्हती हे नंतर सिद्ध करायला तोच कागद उपयोगी पडतो.

मिसळ_तर्री

आणि व्हॉट्सॲप ग्रुपवाले भाचे? त्यांना कोण लेखी देणार :)

शाहूपुरीची

हसू नका, खरा प्रश्न आहे. समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातीला, ठोक एसएमएस आणि आवाजी संदेशांना जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी लागते. कुणी स्वतःच्या खात्यावर लिहिलेल्या मताला लागत नाही. छापील वर्तमानपत्रातल्या जाहिरातीला मतदानाचा दिवस आणि आदला दिवस एवढ्यापुरती लागते.

उमेदवारावर आंदोलनातले गुन्हे असतील (या प्रकारच्या कार्यकर्त्यावर बंदचे, जमावबंदी मोडल्याचे असतातच) तर प्रलंबित प्रकरणं नमुना सी-१ मध्ये वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करायची: माघारीनंतरच्या पहिल्या चार दिवसांत, पाचव्या ते आठव्या दिवसात, आणि नवव्यापासून प्रचार संपेपर्यंत. अक्षराचा आकार किमान १२. पैसे उमेदवाराच्या खर्चातून. पोलीस ठाण्यांतून माहिती आधीच लेखी मागवा. अर्जाच्या आठवड्यात मिळेल या भरवशावर राहू नका.

बूथ_नंबर_११

शेवटी बूथ. उत्तरमध्ये मतदार तीन लाखांच्या आसपास. एका केंद्रावर १२०० मतदारांची मर्यादा धरली तर किमान २५० केंद्रं, प्रत्यक्षात जास्तच. ३०० धरून चला. प्रत्येक केंद्रावर एक प्रतिनिधी आणि बदली दोन नेमता येतात (नमुना १०), आत एका वेळी एकच. बदली एकेक धरला तरी ६०० माणसं झाली, आणि ती याच मतदारसंघाची मतदार हवीत. ज्याच्याकडं ३०० सुद्धा नाहीत त्यानं किमान आपल्या भक्कम १०० केंद्रांवर बसवावीत, सगळीकडं अर्धवट पसरू नये.

मतदान ७ वाजता, मॉक पोल (चाचणी मतदान) त्याच्या ९० मिनिटं आधी, म्हणजे साडेपाचला. किमान ५० मतं टाकून बघतात, मग ती पुसतात. पुसल्यावर एकूण शून्य दिसतंय आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढल्यात हे डोळ्यानं बघायचं. बाहेरचं टेबल १०० मीटरच्या पलीकडं, एक टेबल, दोन खुर्च्या. मतदाराला द्यायची चिठ्ठी पांढऱ्या कागदावर, तीवर नाव-चिन्ह नको. मतदारयादीच्या प्रती मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला फुकट मिळतात, अपक्षाला विकत. तो पैसाही धरा.

संध्याकाळी नमुना १७क ची प्रत घेतल्याशिवाय प्रतिनिधीनं उठायचं नाही. त्यावर यंत्राचे क्रमांक आणि एकूण मतं असतात, मोजणीला तीच ताडून बघायची. १४ टेबलांवर ३०० केंद्रं म्हणजे २२ फेऱ्या. मोजणी प्रतिनिधींचा नमुना १८ मोजणीच्या तीन दिवस आधी संध्याकाळी ५ पर्यंत द्यायचा, फोटोसकट.

अनामत वाचवायची तर वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा एक तरी मत जास्त हवं. तीन लाखांत ६५ टक्के मतदान झालं तर १,९५,००० मतं, त्याचा सहावा हिस्सा ३२,५००. 'नोटा' वैध मतांत धरत नाहीत. हे गणित पहिल्या बैठकीतच मांडा, १०० केंद्रांवर प्रत्येकी ३२५ पडतात का बघा.

तालीमवाला

३२५! एका बूथवर! भावा, त्यात दोन तालमी येत्यात.

गंगावेस

सूचकांची यादी काढायला घेतोय. ४० नावं, प्रत्येकापुढं भाग क्रमांक आणि अनुक्रमांक.

ॲड_करवीर

घ्या, पण पक्की धरू नका. यादीच्या फेरतपासणीत भाग बदलतात, नावं हलतात, काही वगळली जातात. ६० नावं ठेवा आणि अधिसूचनेच्या आठवड्यात अंतिम यादीवरून पुन्हा ताडा. मतदारसंघांची पुनर्रचना झाली तर मात्र उत्तर-दक्षिणची रेघच नवी असेल, तेव्हा सगळी ६० परत तपासायची.